खग्रास ग्रहणाला गेलेली चादर

मित्रांनो, रोज रात्री तुम्ही जिच्यावर अंग टाकता आणि सकाळी जिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्या जातीतली मी. एक जुनी, पांढरी, सुती चादर. लोक मला हात लावून म्हणतात, किती मऊ आहे! चादर मऊ झाली म्हणजे ती म्हातारी झाली, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

मागावरून उतरले तेव्हा मी चांगली खरखरीत होते. गठ्ठ्यात बांधून मला एका मोठ्या दवाखान्यात आणले आणि मी तिथलीच झाले. आज या रोग्याखाली, उद्या त्या रोग्याखाली, आणि मधल्या वेळात तळघरातल्या धुलाईघरात. माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. पाठी मात्र मी ओळखते. भ्यालेली पाठ ताठ असते. दुखणारी पाठ एकाच कुशीवर पडून राहते. घरी जायची वेळ आलेली पाठ मला चुरगाळून टाकते, आणि तेव्हा मला बरे वाटते.

माझे खरे गणगोत धुलाईघरात होते. कपडे धुण्याच्या भल्यामोठ्या ड्रमवर ड्रममामा. यंत्राच्या धडधडीत बोलून बोलून त्यांचा आवाज इतका चढला होता की ते कानात सांगायला लागले तरी चार खोल्यांत ऐकू जाई. वाफेच्या इस्त्रीवर वाफबाई, तोंडाने फटकळ पण हाताने हलकी. तिचा नवरा कपड्यांची गाडी चालवायचा. वॉर्डात रोग्यांना उचलणारी वॉर्डमावशी डबा खायला मुद्दाम खाली यायची. आणि खिडकीपाशी, शिवणयंत्रावर, रफूताई.

माझे फाटलेले अंग रफूताईने किती वेळा सांधले, त्याला गणती नाही. "कापड जिवाचं आहे," असे ती माझ्याबद्दल म्हणायची. हे कौतुक मी अजून जपून ठेवले आहे. मणक्याच्या दुखण्याने तिची पाठ हळूहळू वाकत गेली होती आणि आता मान वर होतच नसे. कुणाशी बोलायचे तर ती तिरकी होऊन बघायची. आकाश तिला बादलीतल्या पाण्यात दिसायचे, तेवढेच.

एके दिवशी तिने मला खिडकीच्या उजेडात धरले. माझा मधला भाग झिजून जाळीसारखा झाला होता. तिने मान हलवली आणि माझ्या कोपऱ्यावर "बाद" असा शिक्का मारला. मला वाईट वाटले. इतकी वर्षे जिने सांभाळले, तिनेच मोडीत काढावे! मग मी फळीवर पडून राहिले. कधी कुणी मला बादलीवर झाकायचे, कधी दाराच्या फटीत कोंबायचे.

आणि अशातच ग्रहणाची गोष्ट निघाली.

खग्रास सूर्यग्रहण होणार होते, पण आमच्या शहरातून नव्हे. ते पाहायला पार लांब माळरानावर जावे लागणार होते. ड्रममामांनी वर्षभर सगळ्यांचे डोके खाल्ले. सूर्य पुरता झाकला की त्याच्याभोवती तेजाचे कडे दिसते, भरदिवसा तारे दिसतात, पाखरे घरट्याकडे वळतात, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की वाफबाई म्हणाली, "मामा, आता चंद्र सूर्याच्या आड नाही आला तर मी त्याला ढकलत नेईन, पण तुम्ही गप्प बसा!"

सगळे निघाले. रफूताई तेवढी नको म्हणाली. "मी येऊन काय करू? तुम्ही वर बघणार आणि मी तुमच्या चपला बघणार!"

"तुमची सोय केलीय मी," ड्रममामा म्हणाले. त्यांनी घरचा भिंतीवरचा मोठा आरसा काढून आणला होता. सूर्य पूर्ण झाकला गेला की आरसा रफूताईच्या मांडीवर ठेवायचा, म्हणजे खाली मान घालून तिला आकाश दिसेल. आरसा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला आणि खोक्याला वरून गुंडाळायला फळीवरची बाद चादर घेतली. मित्रांनो, मी ग्रहणाला गेले ती अशी, बांधायचे फडके म्हणून.

गाडीत नुसती धमाल होती. रफूताई तर सगळ्यात जास्त हसत होती. "मी शेवटचं आकाश कधी बघितलं, तेच आठवत नाही गं," असे ती मध्येच म्हणाली, आणि लगेच दुसरे काहीतरी बोलू लागली. पण सगळ्यांनी ते ऐकले होते.

माळरानाकडे वळताना रस्ता संपला आणि खड्डे सुरू झाले. एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की पाण्याचा भरलेला कॅन थेट खोक्यावर पडला. आतून आवाज आला. कुणालाही खोके उघडून बघायची गरज पडली नाही.

ड्रममामांचा चेहरा पडला. "मीच कॅन तिथे ठेवला," ते म्हणाले.

"जाऊ द्या हो मामा," रफूताई म्हणाली. "अंधार पडलेला तर कळेलच ना मला."

माळरानावर पोचेपर्यंत सूर्याचा लचका तुटायला सुरुवात झाली होती. काळे चष्मे लावून सगळे आळीपाळीने वर बघत होते, पण जीव कुणाचाच लागत नव्हता. त्यांनी रफूताईला जमिनीवर निजवून पाहिले. वाकलेली पाठ सपाट जमिनीवर टेकेना. पिशव्यांची उशी केली, तर तिला अशी कळ आली की ती ओठ चावून उठून बसली. उजेड पिवळसर, पातळ होत चालला. वारा गार झाला. सूर्याची नुसती कोर उरली.

तेवढ्यात वॉर्डमावशीने मला खोक्यावरून खसकन ओढले. काच तर नाही ना, म्हणून तिने मला चारदा झटकले, सगळीकडून तळहात फिरवला आणि म्हणाली, "चला, चौघं चार कोपऱ्यांना! वॉर्डात रोग्याला उचलतो तसं. कोपरे मुठीत गुंडाळून घ्या. डोक्याकडची बाजू वर. हिची पाठ वाकडी आहे ना? मग झोळीही वाकडीच असते!"

"फाटेल गं ती," रफूताई घाबरून म्हणाली. "मीच बाद केलीय तिला."

मित्रांनो, खरे सांगते, ती चूक बोलत नव्हती. मला माझे अंग ठाऊक होते. पण तिला चष्मा लावून माझ्यात बसवले, चौघांनी मला उचलले, आणि तिची सगळी वाकलेली पाठ माझ्या खोलगट भागात अलगद मावली. कितीतरी वर्षांनी तिचे तोंड आकाशाकडे झाले.

"आता! चष्मा काढा! पूर्ण झाकला!" वाफबाईचा नवरा ओरडला.

सूर्य मला दिसला नाही. माझ्यावर रफूताई होती. मला फक्त तिची पाठ कळत होती. आधी ती पाठ ताठ होती. मग तिचा श्वास थांबला. मग त्या आखडलेल्या पाठीची एकेक शीर सैल पडत गेली, आणि ती हुंदके देऊ लागली. "अगं बाई," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "अगं बाई, अगं बाई."

आणि तेव्हाच माझ्या मधोमध चर्र झाले. एक धागा गेला, मग दुसरा. जे होते नव्हते ते बळ एकवटून मी उरलेल्या धाग्यांना धरून राहिले. तो आवाज ड्रममामांनी ऐकला. त्यांनी आपला कोपरा सोडला नाही, पण वाकून गुडघा तिच्या कमरेखाली, बरोबर चिरेखाली, टेकवला आणि नजर तिथेच ठेवली. वर हिऱ्यासारखा पहिला किरण फुटला, "चष्मे! चष्मे लावा!" असा ओरडा झाला, आणि चौघांनी मला हळूच खाली टेकवले. मगच मी फाटले.

परतीच्या वाटेवर सगळे एकदम बोलत होते. ड्रममामा तेवढे खिडकीबाहेर बघत होते. रफूताई तिरकी झाली.

"मामा, तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं की!"

"मग सांगा, कसा होता?"

"काळा... म्हणजे... गोल होता."

तेजाच्या कड्याविषयी वर्षभर बोलणारा माणूस दोन शब्दांत थांबला, यावरून सगळे समजले. मग रफूताईने त्यांना सगळे सांगितले. कडे कुठे रुंद होते, कुठे निमुळते, शेजारी तारा कुठे चमकत होता, आकाशाच्या कडेला चारी बाजूंनी संध्याकाळ कशी दिसत होती. ड्रममामा लहान मुलासारखे "मग? मग?" करत राहिले, आणि तेही हळू आवाजात.

घरी आल्यावर तिने मला फडकी करायला टाकले नाही. जिथे फाटले होते तिथूनच मला उभी कापून माझे दोन भाग केले. माझ्या कडा कधी कुणाच्या पाठीखाली आल्याच नव्हत्या, त्या अजून धडधाकट होत्या. त्या तिने मध्ये आणून जोडल्या आणि झिजलेला मधला भाग दोन्ही बाजूंना नेला. आता मी रफूताईच्याच खाटेवर असते. अंगाने अरुंद झाले आहे, पण कामाची आहे.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. एखादी वस्तू मध्ये झिजली म्हणून ती सगळीच गेली, असे समजू नका. तिच्या कडाही बघा. ज्याची मान खाली आहे त्याला वरचे काय दिसणार, असे त्याला न विचारता ठरवू नका. चौघे मिळून कोपरे धरा. आणि परत येताना, धरणाऱ्यांपैकी कुणाचे बघायचे राहून गेले का, तेही विचारा. तो नाही म्हणेल. तरी त्याच्या शेजारी बसा आणि त्याला सगळे सांगा.