गुणी पोरांचं पाळणाघर

त्या गल्लीत कुणाकडे मूल जन्माला आलं, की नव्या आईला पहिला सल्ला एकच मिळायचा, "कामावर जायला लागलीस की मावशींकडे ठेव. त्यांच्याकडे पोरं कशी गुणी होतात!"

ते खोटंही नव्हतं. मावशींच्या दोन खोल्यांत अकरा पोरं असायची, पण दुपारी भिंतीला कान लावला तरी आवाज येत नसे. नवरा गेल्यावर मावशींनी हे पाळणाघर काढलं आणि त्याच्याच जिवावर दोन लेकरं वाढवली. धाकटा मुलगा कापडाच्या दुकानात विक्रेता होता. थोरली मुलगी बाहेरगावी वसतिगृहात राहून बालविकासाचं शिक्षण संपवून नुकतीच घरी आली होती. आज दुपारी तिची मुलाखत होती. लहान मुलांसाठी देशभर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने तिला बोलावलं होतं.

सकाळी शिलाई कारखान्यात जाणारी एक बाई आपल्या पावणेदोन वर्षांच्या मुलीला घेऊन दारात आली. ही पोर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"मावशी, दात येतायत हिला. रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. बघा जरा."

"बघते हो. तू नीघ, गेट बंद होईल."

त्या 'बघा जरा'मध्ये काय होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं. दोघींनीही ते उच्चारलं नाही.

जेवणं सुरू झाली. मावशींनी एकाचं नाक पुसत, दुसऱ्याच्या तोंडात घास भरवत लेकीला विचारलं, "नक्की काय करायचं असतं गं तुमच्या त्या संस्थेत?"

"मुलांच्या बाजूने बोलायचं. त्यांना मत देता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी भांडायला नको?"

"भांडायचा पगार मिळतो होय? मग तुझ्या आत्याला पाठवायचं होतं!"

थोरलीला हसू आवरेना. "अगं, बऱ्याच वाटा आहेत त्यात. कुणी वस्त्यांत जाऊन सांभाळणाऱ्या बायकांना शिकवतं, कुणी पाहणी करून अहवाल लिहितं. कुणी सरकारच्या मागे लागून नियम करून घेतं, ते पाळले जातात का बघतं. आणि कुणी वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून प्रश्न लोकांपुढे मांडतं. मला यातलं काय जमेल, तेच तर समजून घ्यायचंय."

"म्हणजे पोरं सोडून बाकी सगळ्यांना सांभाळायचं म्हण ना," मावशी म्हणाल्या. पण बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक लपत नव्हतं.

थोरली आत जाऊन तयार झाली. बाहेर आली, तेव्हा मावशी एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन चटईवरून सरकत होत्या. पोरं एकामागून एक चोच उघडावी तशी तोंड उघडत होती. त्यांना सवयच होती.

"आई, काय देतेयस?"

"सर्दीचं औषध."

"सगळ्यांना सर्दी झालीय?"

मावशींनी पुढच्या तोंडात चमचा घातला. थोरलीने बाटली हातात घेऊन वाचली. खोकल्याचं औषध होतं, पण गुंगी आणणारं. लहान मुलांना देऊ नये, असं त्यावर स्पष्ट छापलेलं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"आरडाओरडा करू नकोस. सगळीकडे हेच चालतं. तुला पण दिलंय मी. मेलीस का?"

"आई, या पोरांचा श्वास थांबू शकतो!"

"आणि माझा नाही थांबत? अकरा पोरं आणि एक बाई. एक शी करतंय, दुसरं चावतंय, तिसरं जिन्याकडे धावतंय. दोन तास तरी पडू देत मला पाठ टेकून. त्यांच्या आया काय आंधळ्या आहेत? संध्याकाळी पोर पेंगुळलेलं घरी नेतात, कधी कुणी विचारलं मला, का म्हणून?"

थोरलीने उरलेलं औषध मोरीत ओतलं. भिंगरीची पाळी अजून यायची होती. "मी जातच नाही मुलाखतीला. आज पोरांकडे मी बघते."

ते ऐकून मावशी विरघळल्या. "वेडी आहेस का? इतकी वर्षं खस्ता कशासाठी खाल्ल्या मी? जा तू. नाही देणार पुन्हा. तुझ्या गळ्याची शपथ."

आईने गळ्याची शपथ घेतल्यावर लेक काय बोलणार? ती गेली.

मावशींनी शपथ पाळली असती. पण भिंगरीच्या हिरड्या ठणकत होत्या. तिने आकांत मांडला, तिच्या आवाजाने बाकीची जागी झाली आणि दोन्ही खोल्यांत रडारड सुरू झाली. शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या. कपाटामागे आणखी एक बाटली होती. एका चमच्याने भिंगरी शांत होईना, म्हणून मावशींनी आणखी एक दिला. मग घर शांत झालं.

संध्याकाळी थोरली आनंदात परतली, ती दारातच थबकली. भिंगरीची आई मुलीला हलवत होती. "उठ गं बाळा, घरी जायचं ना? मावशी, ही अशी का करतेय?"

भिंगरीची मान लुळी पडली होती. ओठांवर निळसर झाक होती. थोरलीने तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता, पण अगदी सावकाश, थांबून थांबून.

धाकटा नुकताच दुकानातून आला होता. त्याने पोरीला उचललं आणि सगळे कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे धावले.

"काय झालं? काही दिलं होतं का हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मावशी चटकन म्हणाल्या. "सकाळपासून मलूलच होती पोर."

"नक्की? पोटात काही गेलं असेल तर आत्ता सांगा. अंदाजाने औषध द्यायला वेळ नाही."

भिंगरीची आई मावशींकडे बघत होती. मावशी जमिनीकडे बघत होत्या. धाकट्याने थोरलीचा दंड घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटला, "ताई, तोंड उघडू नकोस. आई तुरुंगात जाईल."

थोरलीने आईकडे पाहिलं. ह्याच बाईने ताप असतानाही कधी एक दिवस पाळणाघर बंद ठेवलं नव्हतं, ते तिच्याच शिक्षणासाठी. आपण गप्प राहिलो, तर कदाचित पोर आपोआपही शुद्धीवर येईल. मुलं अशी झोपतात, उठतात. आजवर उठलीच होती की!

"दिलंय," ती म्हणाली. "गुंगीचं औषध दिलंय." तिने औषधाचं नाव सांगितलं आणि आईकडे वळली. "आई, किती दिलंस?"

आतून यंत्राचा बारीक टिकटिक आवाज येत होता.

"आई, किती?"

"दोन... दोन मोठे चमचे," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर आत धावले. बाहेर बाकावर चौघं बसून राहिली. भिंगरीची आई रडतही नव्हती. फक्त स्वतःशीच म्हणत होती, "मीच म्हटलं, बघा जरा. मीच म्हटलं." धाकटा बहिणीपासून दूर, बाकाच्या पार टोकाला सरकला होता.

बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. कर्कश, संतापलेला, न थांबणारा. भिंगरीच्या आईने तो ऐकला आणि मगच तिचा बांध फुटला.

पोर वाचली, पण प्रकरण मिटलं नाही. दवाखान्याने पोलिसांना कळवलं. पाळणाघराला कुलूप लागलं आणि मावशींवर गुन्हा नोंदला गेला. जामीन मिळाला खरा, पण चौकीच्या फेऱ्या मागे लागल्या. गल्लीचा राग मात्र निराळ्याच माणसावर निघाला.

"सख्ख्या आईला पोलिसांत दिलं! शिकून हेच दिवे लावले?"

"आता आमची पोरं ठेवायची कुठे? हिच्या डोक्यावर?"

धाकटा तिला घरभेदी म्हणाला आणि वेगळा राहायला गेला. मावशींनी लेकीशी बोलणं टाकलं. मात्र ताट वाढून झाकून ठेवायला त्या एक दिवसही विसरल्या नाहीत.

संस्थेने तिची निवड केली होती. प्रमुखबाईंनी तिला भेटायला बोलावलं. घडलेलं त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"तुमची जागा प्रसिद्धी विभागात," बाई उत्साहाने म्हणाल्या. "आईच्या हातून जवळजवळ बळी, लेकीने वाचा फोडली! देशभर गाजेल. तुम्ही व्यासपीठावरून बोला. वर्षभरात तुम्हाला सगळे ओळखतील."

"आणि आईला?"

"चूक त्यांचीच आहे ना?"

"आहे. कोर्ट देईल ती शिक्षा ती भोगेल, मी तिची बाजू घेणार नाही. पण बाई, तिचा फोटो छापला की वाचणारा म्हणेल, एक वाईट बाई होती, सापडली. चिठ्ठीशिवाय बाटली विकणारा औषधवाला त्यात नसेल. पोर बापाचंही असतं, पण पाळणाघराचा जिनासुद्धा ठाऊक नसलेले ते बापही त्यात नसतील. कारखान्यात मुलांसाठी खोली हवी असा नियम असूनही ती न देणारा मालकही नसेल. मला व्यासपीठ नको. नियम पाळले जातात का बघणाऱ्या विभागात मला घ्या."

"त्यात नाव होत नाही. नुसते उंबरठे झिजवायचे असतात. लोक बसायलाही सांगत नाहीत."

"झिजवते."

बाईंनी समोरची फाईल मिटली. "मला आता इतकी वर्षं झाली या कामात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फोटो छापणंच मला सोपं वाटायला लागलं होतं. उद्यापासून या."

तिने पहिला उंबरठा गाठला तो शिलाई कारखान्याचा. व्यवस्थापकाने तिला यंत्रांच्या रांगांमध्येच उभं ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "मुलांची खोली? अहो, आमच्या बायकांची कधीच तक्रार नाही. सगळ्यांची घरी सोय आहे. विचारा हवं तर!"

थोरलीने विचारलं. कुणी मान वर केली नाही. सुया कापडात खाली-वर होत राहिल्या. त्या बायकांमध्ये गल्लीतल्या कितीतरी होत्या, रस्त्यात तिला पाहून तोंड फिरवणाऱ्या.

"पाहिलंत?" व्यवस्थापक हसला.

मधल्या रांगेतलं एक यंत्र थांबलं. भिंगरीची आई उठून उभी राहिली. त्या दिवसापासून ती थोरलीशी एक शब्द बोलली नव्हती, आणि आत्ताही तिने तिच्याकडे पाहिलं नाही.

"सोय नाहीये साहेब," ती म्हणाली. "माझी पोर मरता मरता वाचली. आज तिला शेजारच्या म्हातारीकडे ठेवलंय. ती काय देते, मी विचारलं नाही. विचारलं तर उद्या कामावर कशी येऊ?"

"खाली बस," व्यवस्थापक म्हणाला.

ती बसली नाही. मागे आणखी एकजण उभी राहिली, खिडकीजवळ दुसरी. बाकीची यंत्रं चालूच होती, पण जरा हळू.

"मालक नाहीत आज," व्यवस्थापकाचा आवाज खाली आला. "पुढच्या आठवड्यात या."

"थांबते मी," थोरली म्हणाली. कुणी खुर्ची दिली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

वाचकहो, तिथे उभं राहायला अजून बरीच जागा आहे. संध्याकाळी आपलं मूल कडेवर घेताना ते फारच शांत वाटलं, तर 'किती गुणी' म्हणण्याआधी दारातच थांबून एकदा विचारा, आज ते रडलं होतं का?