बुवांचा कंठ दाटला तेव्हा

या, असे सतरंजीवर पुढे सरका, तिथं वारा लागतो. इतवारीतल्या आमच्या दत्ताच्या देवळात घडलेली एक गोष्ट सांगतो. देव तिच्यात आहे, पण ऐकताना जीव जरा मुठीत धरून बसा.

सुमंतबुवांचं कीर्तन म्हणजे आमच्या गल्लीचा सण. बुवा गादीवर उभे राहत आणि त्यांच्या पत्नी यमुताई मागे पेटीवर बसत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत बुवा दवाखान्यात गेले, ते अख्खा उन्हाळा तिथंच. घरी परतले तेव्हा गल्लीनं पेढे वाटले. माणूस घरी आला म्हणजे बरा झाला, असंच आपण धरून चालतो. पण डॉक्टरांनी यमुताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की फुप्फुसं आतून कडक झालीत. भरून यायला वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित पूर्ण भरून येणारही नाहीत. तोवर जिना नको, ओझं नको, उभ्यानं गाणं तर नकोच.

दसऱ्यापर्यंत बुवा चार माणसांत बसू लागले. अंघोळ करून आले की मात्र पलंगाच्या काठावर कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहत. कोणी विचारलंच तर म्हणत, नामस्मरण चाललंय. लोक हात जोडून निघून जात.

मार्गशीर्षात दत्तजयंती आली. देवळाचे विश्वस्त गणपतराव आमंत्रण घेऊन आले. यमुताईंनी आधी नाहीच म्हटलं, मग खुर्चीवर बसून सांगा म्हणाल्या. बुवा हसले.

"बसून सांगितलं तर ते प्रवचन झालं, वं. कीर्तन उभ्यानंच होते."

ते खरंच आहे. बुवाच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला, की ती गादी नारदाची. आरतीपर्यंत बुवानं बसायचं नाही आणि दुसऱ्या कोणी तिच्यावर पाय ठेवायचा नाही. मोठमोठे सरदारही खाली बसून ऐकत, असं आमचे वडीलधारे सांगत.

आख्यान लावलं गजेंद्राचं, मगरीनं पाय धरलेल्या हत्तीचं. पूर्वरंग बरा गेला. मग एका पदाच्या मध्येच बुवांचा आवाज तुटला. त्यांनी हात वर केला, विठ्ठलाचा गजर दिला आणि मंडळींनी तो उचलला. कीर्तनात ही सोयच असते, बुवा थांबला तरी नाम थांबत नाही. थोडं निरूपण झालं की पुन्हा गजर, पुन्हा टाळ. मंडळी रंगली. दोन गजरांमधलं अंतर कमी कमी होतंय, हे एकट्या यमुताईंना ऐकू येत होतं.

त्या थंडीत बुवांचा सदरा पाठीला चिकटला. हातातली चिपळी आपोआप वाजू लागली. गिरिधरकाका आमच्याकडचे जुने श्रोते, पोथ्या वाचलेले. ते शेजाऱ्याच्या कानाशी लागून अष्टसात्त्विक भाव, म्हणजे भक्त देवात बुडाला की अंगावर उमटणाऱ्या आठ खुणा, मोजू लागले. घाम आला, कंप आला, आता स्वरभंग. आज बुवांना देव भेटतोय, म्हणाले. गणपतरावांनी टाळकऱ्यांना खूण केली, जोरात.

गजेंद्र बुडत होता, नुसती सोंड पाण्यावर उरली होती. बुवांनी मान वर केली, तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. बायका पदराला डोळे पुसू लागल्या. बुवांचे ओठ जांभळासारखे झाले. गिरिधरकाकांनी हात जोडले आणि म्हणाले, रंगही पालटला. आता शेवटचा भाव राहिला होता, ज्यात माणूस भान हरपून पडतो. सारा मांडव त्याचीच वाट बघत होता.

पेटी थांबली. गजरात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. यमुताई ओरडल्या, तेही टाळांत बुडालं. मग त्या उठल्या, सरळ गादीवर चढल्या आणि नवऱ्याला कमरेला धरून खाली बसवलं.

एकेक टाळ थांबला. गणपतराव उठले. "यमुताई, नारदाच्या गादीवर पाय? बुवांची समाधी लागत होती अन् तुम्ही मोडली?"

"यायले भाव नाही आला जी," यमुताई म्हणाल्या. "श्वास नाही येऊन राहिला."

त्या शांततेत मंडळींना पहिल्यांदा बुवांच्या छातीतला आवाज ऐकू आला. पेटीचा भाता फाटावा, तसा.

बुवा वाचले. पण भरून आलं होतं तेवढंही गेलं, असं डॉक्टर म्हणतात. आता दिवसाचे बरेच तास नाकाला नळी असते आणि एक ओवी म्हणायला दोनदा थांबावं लागतं. गल्लीत मात्र वेगळंच बोलतात. असं कीर्तन पुन्हा होणं नाही, म्हणतात. बाईनं गादी बाटवली नसती तर बुवांना दर्शनच झालं असतं. यंदा हळदीकुंकवाचं बोलावणं यमुताईंना फारसं कुठून आलं नाही.

परवा गणपतराव पुन्हा येऊन गेले, हातात कीर्तनाच्या आमंत्रणाचा नारळ. यमुताई पाणी आणायला आत गेल्या होत्या. बाहेर आल्या, तर नारळ बुवांच्या मांडीवर होता. बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून बुवांनी नुसती मान हलवली होती. होकारार्थी.

बुवांसाठी देवाकडे मागणारे पुष्कळ आहेत, मायबाप. तुम्ही संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा एक नाव यमुताईंचं घ्या.