फुटक्या ओठाचा घडा

मी एक जुना मातीचा घडा आहे. मित्रांनो, माझा ओठ फुटका आहे. तो कुणी फोडला, हे मी जन्मात विसरणार नाही.

कुंभाराकडून निघालो तेव्हा टाळासारखा खणखणीत वाजत होतो. नागावजवळच्या कोळीवाड्यातल्या मनुबाईने मला कमरेवर घेतलं. ती विधवा होती. एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराला तिने बाप्तिस्मा घेतला आणि दुसऱ्याच सकाळी तिचा दीर हरेश्वर विहिरीवर आडवा उभा राहिला.

"वयनी, देव बदललास ना? मग विहीरपन बदल!"

त्याने वल्ह्याचा दांडा हाणला, तो माझ्या ओठावर बसला. तेव्हापासून मनुबाई पार खाडीपलीकडून पाणी आणू लागली, आणि मी चुलीजवळ पडलो.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक गोड रीत होती. भात शिजत घालण्याआधी बायका मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढत. ते भुकेल्यांना जात. मनुबाई आपली मूठ माझ्यात टाकी आणि पुटपुटे, "देवा, ही ठेव तुझ्याकडं. व्याजात हरेश्वराचं वाटोळं कर."

मला लाज वाटायला हवी होती. पण मी आपला दर मुठीला मनात "आमेन" म्हणे!

एका वादळात हरेश्वराची होडी फुटली. त्याच्या घरची चूल पेटेना. "ठेव फळली गं बाय!" म्हणत मनुबाई नुसती फुगडी घालायची राहिली होती.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनकार रामचंद्रबुवांचं कीर्तन झालं. काय तो गळा! वीणा छेडून बुवांनी बायबलातलं वचन आळवलं, की भुकेल्या वैऱ्याला जेवू घाल, त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास पडेल.

मनुबाईचे डोळे लकाकले. "बुवा, निखारे खरंच पडतात?"

"पडतात तर! पण घास आपल्या हाताने द्यायचा, बाई."

ती मला तांदळाने गच्च भरून दिराच्या दारात गेली. "घ्या भावोजी. पोटभर जेवा." मी तर आतून ओरडत होतो, भाज, चांगला भाज त्याला! हरेश्वराने माझ्या फुटक्या ओठावरून बोट फिरवलं. मग तांदूळ आत ओतून घेतले.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. पण त्या घरात घालायला होतं काय? सुका बोंबीलसुद्धा नव्हता. मग हरेश्वराने मला त्याच विहिरीवर नेलं, काठोकाठ भरलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"बायकांचं काम करतोस व्हय रं?" लोक हसले.

मी फुटक्या ओठातून भळाभळा सांडलो. त्याचं डोकं, खांदे, सारं भिजवलं. माझा सूड पुरा झाला!

मनुबाईच्या पायरीवर त्याने मला उतरवलं. "वयनी, उद्यापासनं विहिरीवर ये. कोन आडवतो, बघतो मी."

"भाजलं का, भावोजी?"

"लय भाजलं."

"भाजू दे," ती म्हणाली, आणि ओंजळ भरून ते पाणी प्यायली.

मित्रांनो, सूड घ्यायचाच असेल तर तांदळाने घ्या. आणि फुटक्या ओठाचा घडा उकिरड्यावर टाकू नका. तो सांडतो खरा, पण कुणावर सांडायचं, ते त्याला ठाऊक असतं.