डांबराखालचा नंबर

जिल्हा परिषद नुकती झाली होती, त्या काळातली गोष्ट. पूर्णेवर तेव्हा आसपास कुठं पूल नव्हता. पावसाळ्यात माणसं डोंग्यानं पार व्हायची. शेषराव भोई अशाच एका घाटावर डोंगा चालवायचा. बायको वारल्यापासून काठावरच्या झोपडीत तो एकटाच राहत होता. धाकटा भाऊ कडूबा वरच्या अंगाच्या घाटावर होता, पायी निघालं तर दुपार मोडावी एवढ्या अंतरावर. पण बायकोच्या तेरवीला शेषराव चारचौघांत त्याला टाकून बोलला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. भावाची खबर उतारूंच्या तोंडून कानावर यायची, तेवढीच.

त्या श्रावणात पूर्णेला मोठा पूर आला. सकाळी पाणी जरा ओसरलं, तेव्हा काठच्या बाभळींत एक डोंगा पालथा अडकलेला शेषरावला दिसला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं दोर बांधला आणि कसाबसा ओढून काठाला आणला. आत काही नव्हतं. आसपास कोणी नव्हतं.

सरकारनं सगळ्या घाटांना एकाच घडणीचे डोंगे दिले होते. ओळख एवढीच, की मागच्या फळीवर लोखंड तापवून नंबर डागलेला. शेषरावचा सतरा, कडूबाचा अठरा, त्याच्याही वरच्या घाटाचा एकोणीस. पण दर उन्हाळ्यात डांबर फासून फासून ते नंबर पार बुजले होते.

शेषरावनं घरातून खुरपं आणलं आणि फळी खरवडायला घेतली. डांबर सालीसारखं निघत होतं. आधी एकाचा आकडा वर आला. तिथं त्याचा हात थांबला. बिडी पेटवावी म्हटलं तर काड्या भिजलेल्या. मग पुन्हा दोनचार हात मारून, खाली न बघताच, त्यानं खाचेवर बोट फिरवलं.

आठ होता.

डोंगा बाभळीला बांधून तो काठाकाठानं चिखल तुडवत वर निघाला. दर वळणावर नजर पाण्यात जायची. बायको गेली तेव्हा रडायला भाऊ तरी होता, असं त्याच्या मनात येत राहिलं.

कडूबा आपल्या ओट्यावर बसून तुटका दोर सांधत होता. त्याला बघून शेषराव तिथंच दगडावर टेकला.

"भाऊ? तू काऊन आला?"

"तुहा डोंगा सापडला. माह्या घाटावर हाय."

"पुरात दोर तुटला. मी घरातच होतो."

"हाव. मले वाटलं…"

"काय वाटलं?"

"काई नाई. नंबर पाहला, म्हून आलो."

कडूबाची बायको विमलबाई पाणी घेऊन आली, जेवून जा म्हणाली. कडूबाच्याही तोंडून तेच यावं म्हणून शेषराव जरा रेंगाळला. कडूबा दोरच सांधत राहिला. शेषराव उठला.

पाणी उतरल्यावर डोंगा न्यायला भाऊ येणार, म्हणून तो रोज एक भाकर जास्तीची थापायचा. कडूबा आला तो नेमका शेषराव सोनाळ्याच्या बाजाराची माणसं घेऊन नदीच्या मध्यात असताना.

"कडूबा, थांब बे. भाकर खाऊन जाय."

वाऱ्यात ते पोचलं की नाही, कोण जाणे. कडूबानं मान वर केली, हात हलवल्यासारखं केलं आणि आपला डोंगा बांबूनं रेटत वरच्या अंगाला निघून गेला. शेषराव पलीकडे लागला. उतारू उतरले. अलीकडे यायला कोणी नव्हतं, तेव्हा तो बराच वेळ तिकडेच बसून राहिला.