नऊ क्रमांकाच्या खोलीची साक्ष

मी किल्ली बोलते आहे, आणि प्रारंभीच सांगून टाकते की मी कोणावरही सहजासहजी विश्वास ठेवत नाही. ज्या वस्तूचा जन्मच अविश्वासापोटी झाला, तिच्याकडून दुसरी अपेक्षा करू नये. सगळी माणसे सज्जन असती, तर लोहाराने मला कानशीने घासून दात कशाला पाडले असते?

आम्ही दोघी जुळ्या. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर जे साधेसे अतिथिगृह आहे, त्याच्या नऊ क्रमांकाच्या खोलीसाठी आम्हांला घडवले गेले. तळमजल्यावर सभागृह, वर बारा खोल्या. माझी बहीण व्यवस्थापकांच्या कुलूपबंद खणात गेली आणि तिथेच तिचे आयुष्य सरले. मला मात्र स्वागतकक्षाच्या फळीवरील खिळा मिळाला. पाहुण्यांनी मला खिशात घालून पळवू नये, म्हणून माझ्या कमरेला वांग्याएवढा लाकडी ठोकळा बांधण्यात आला. तरीही एक भूगोलाचे प्राध्यापक मला आपल्या गावी घेऊन गेलेच. आठ दिवसांनी मी टपालाने परतले. तेव्हापासून भूगोलवाल्यांच्या दिशाज्ञानावर माझा विश्वास नाही.

एका रात्रीपुरते उतरणारे लोक मी पुष्कळ पाहिले. दार लावल्यावर कडी पुन्हा दोनदा ओढून पाहणारे, पलंगाखाली वाकून पाहणारे, साबणाची नवी वडी पिशवीत टाकून 'साबणच नव्हता' अशी तक्रार करणारे. परिसंवादात सत्यावर तास-तास बोलणारी हीच मंडळी! मी खिळ्यावर लोंबकळत सगळ्यांच्या नोंदी मनात ठेवीत असे.

खोल्यांची झाडलोट मावशींकडे होती. अंगाने किरकोळ, पण शिस्तीने करड्या. नऊ वाजता त्या मला खिळ्यावरून उचलीत, कुलूप उघडीत, मला बाहेरच्या बाजूने कुलपातच ठेवीत आणि आत जात. एरवी दार सताड उघडे असे. सोमवारी मात्र झाडलोट दांडगी असल्याने, धूळ व्हरांड्यात येऊ नये म्हणून त्या दार लोटून घेत.

अशाच एका सोमवारची ही हकीकत आहे.

आदल्या संध्याकाळी एक परीक्षक प्राध्यापक उतरले होते. त्यांच्याजवळ लाखेची मोहोर लावलेले एक पाकीट होते. मंगळवारी होणाऱ्या संख्याशास्त्राच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका त्यात होती, आणि सोमवारी चार वाजता ते परीक्षा विभागात पोहोचवायचे होते. तोवर ते कुलपाच्या कपाटात ठेवावे, असा नियम. सकाळी सभागृहात जाताना त्यांनी मला खिळ्यावर अडकवले खरे, पण जिन्यावरून दोनदा मागे वळून पाहिले. हा माणूस माझ्याच जातीचा आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

नऊ वाजता मावशी आल्या. दार लोटले गेले. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, मग 'धप्', मग एक दीर्घ उसासा. बाहेर आल्यावर त्यांनी मला कुलपात फिरवले, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी प्राध्यापक परतले. पाचच मिनिटांत त्यांच्या ओरडण्याने व्हरांडा दुमदुमला. पाकीट नाहीसे झाले होते. व्यवस्थापक धावत आले, मावशींना बोलावण्यात आले. मी प्राध्यापकांच्या मुठीत होते, त्यामुळे पुढचे सगळे मी अगदी जवळून ऐकले.

"कपाटात ठेवलं होतं मी!" प्राध्यापक म्हणाले. "किल्ली फळीवर होती. खोलीत शिरलं कोण?"

"झाडायला मीच आले होते," मावशी म्हणाल्या.

व्यवस्थापकांनी घसा खाकरला. "मावशी, तुमची मुलगी उद्या परीक्षेला बसतेय ना? विषय कोणता तिचा?"

"तुम्हांला ठाऊक आहे, साहेब. तिच्या अर्जावर तुमचीच सही आहे. संख्याशास्त्र."

"म्हणजे झालंच की!" प्राध्यापक उसळले. "दोन अधिक दोन चार!"

व्यवस्थापकांनी कागद पुढे ओढला. "मला विद्यापीठाला कळवावं लागेल, मावशी. मुलीचं नावही लिहावं लागेल. तिला मग उद्या बसू देणार नाहीत."

"माझी पिशवी उलटी करा, झडती घ्या, हवं तर कामावरून काढा. पण तिचं नाव त्या कागदावर नका घालू. चार वर्षं दिव्याखाली डोळे फोडलेत तिने."

मी स्पष्टच सांगते, कारण आडपडदा मला जमत नाही. मला जीभ असती, तर त्या क्षणी मी मावशींच्या विरुद्ध साक्ष दिली असती. लोटलेले दार, ओढल्याचा आवाज, धप्, थरथरता हात. पुरावा भक्कम होता! वास्तविक तो आवाज मी दर सोमवारी ऐकत आले होते. पण एकदा संशयाने मन धरले, की रोजचा आवाजही परका वाटू लागतो.

इतक्यात मावशींनी पदराने चेहरा पुसला आणि सरळ प्राध्यापकांकडे पाहिले.

"कपाटात ठेवलं होतं म्हणता?"

"हो. म्हणजे... हो."

"त्या कपाटाची कडी महिनाभर लागत नाहीये. आज मी ते आतून पुसलं. एक टाय आणि दोन हँगर होते. साहेब, खरं सांगा, कुठं ठेवलं होतं?"

माझ्याभोवतीची मूठ ओली झाली. इतकी वर्षे मी हात ओळखते. हा निष्पापाचा घाम नव्हता. मग प्राध्यापक, भिंतीकडे पाहत, पुटपुटले:

"कडी लागेना. इथल्या नोकरमाणसांचा भरवसा काय, म्हणून मी गादीच्या खोळीत सरकवलं. उशीकडच्या बाजूला. पण ते सगळं टोक उपसून पाहिलं मी! तिथं नाही."

"आज वार कोणता?" मावशींनी विचारले.

"सोमवार."

"सोमवारी मी गाद्या फिरवते. उशीकडचं टोक पायांकडे, खालची बाजू वर. नाहीतर मध्ये खड्डा पडतो आणि तुमच्यासारख्यांच्या पाठी धरतात." त्यांनी थरथरते मनगट दुसऱ्या हाताने चोळले. "आता झेपत नाही, पण फिरवते."

व्यवस्थापक पलंगाच्या पायथ्याकडे झेपावले. मावशींनी हात आडवा घातला.

"तुम्ही नाही, साहेब. मीही हात लावणार नाही. ज्यांनी ठेवलं, तेच काढतील."

विद्यापीठाचे ते मान्यवर परीक्षक गुडघ्यांवर बसले, पायांकडच्या टोकाने खोळीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाकीट बाहेर काढले. लाखेची मोहोर जशीच्या तशी होती.

"गैरसमज झाला," ते म्हणाले.

"घडतं असं," व्यवस्थापकांनी हसण्याचा प्रयत्न केला आणि अर्धा लिहिलेला कागद फाडला. "काय मावशी?"

मावशी हसल्या नाहीत. "सरका जरा. चादर विस्कटलीये, खोचून देते." आणि त्यांनी चारही कोपरे एकही सुरकुती न ठेवता खोचले.

मुलगी दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसली. निकाल काय लागला ते मला ठाऊक नाही. फळीवरच्या खिळ्यापर्यंत निकाल पोहोचत नाहीत. एवढे मात्र पाहिले, की त्यानंतर मावशींनी कोणतीही खोली दार लोटून झाडली नाही. सोमवारीही नाही. धूळ व्हरांड्यात येई, व्यवस्थापक कुरकुरत. "येऊ दे," त्या म्हणत. "धूळ दिसलेली बरी."

आता दारांना कार्डाची कुलुपे बसली आहेत. गेल्या महिन्यात मावशीही निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हां बारा किल्ल्यांना टेबलावर ओळीने मांडले.

"मोजून घ्या, साहेब."

"अहो मावशी, तुमच्यावर का अविश्वास आहे?"

"मोजा. आणि झाल्यावर पुन्हा एकदा मोजा."

व्यवस्थापकांनी दोनदा मोजल्या. नववी मी होते. मावशींच्या हाताच्या थरथरीचा अर्थ आता मला कळत होता, पण त्या दिवशी साक्ष द्यायला जशी मला जीभ नव्हती, तशी आज क्षमा मागायलाही नाही.

मी आता खणात माझ्या बहिणीशेजारी पडून आहे. तुम्ही कधी अशा खोलीत एका रात्रीसाठी उतरलात आणि काही सापडेनासे झाले, तर कोणाला हाक मारण्यापूर्वी आज वार कोणता ते आठवा, आणि गादीच्या पायथ्याशी स्वतः हात घालून पाहा.