जुन्या अंगावर नवा थर

मी एक वाहनतळ आहे. अर्थात हा शब्द पाटीवरचा. माणसं मला नुसतं ‘पार्किंग’ म्हणतात. अंबरनाथ पूर्वेला ‘सप्तरंग’ नावाचं एक दुमजली शॉपिंग सेंटर आहे. त्याच्या पुढ्यात गेली अठ्ठावीस वर्षं मी पसरलेलो आहे. गाडी लावताना तुम्ही आरसा बघता, मागचा खांब बघता, शेजारच्या गाडीचा बंपर बघता. माझ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच बोलावं.

माझा जन्म खडी, मुरूम आणि डांबराचा. तेव्हा मशिनं नव्हती. पिंपात डांबर उकळायचं, पत्र्याच्या डब्याने ओतायचं आणि वरून रोलर फिरवायचा. पहिल्या दिवशी माझ्यावर अकरा स्कूटर आणि एक फियाट उभी राहिली. माझ्या काळ्याभोर अंगावरचे पांढरे पट्टे बघून लोक चपला झटकून आत यायचे, आता सांगितलं तर खरं वाटणार नाही.

या वर्षांत मी माणसं पुष्कळ पाहिली. जागा अडवायला बायकोला रिकाम्या चौकोनात उभं करणारे पाहिले. घरी जाण्याआधी गाडीत दहा मिनिटं नुसते बसून राहणारे पाहिले. लायसन्स मिळाल्यावर गाडीला हार घालून माझ्यावर पेढे वाटणारी एक आजीबाई पाहिली. सगळ्यांचं वजन मी घेतलं. वजनाचा मला कधीच त्रास झाला नाही.

त्रास झाला तो दुर्लक्षाचा. कुणाच्या तरी टेम्पोचं तेल ठिबकत राहिलं, तिथलं डांबर सैल झालं. केबलवाल्यांनी आडवा चर खणला आणि मातीने बुजवून निघून गेले. मग भेगा पडल्या. एक, दोन, आणि बघता बघता अंगभर जाळं. खड्ड्यांत दुकानदार तुटक्या लाद्या टाकायचे, वरून एखादी वीट. मी खडबडीत झालो, करडा झालो, आणि माझ्यावरून चालणाऱ्या माणसांच्या तोंडी शिव्या आल्या.

शिव्यांचं मला काही वाटत नव्हतं. पण गेल्या फेब्रुवारीत जे घडलं, त्याची मला आजही शरम वाटते.

सेंटरच्या तळमजल्यावर श्रद्धा मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. तिथे शरदचंद्र नावाचे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा यायचे. ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी विभागात उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतर अर्ध्या अंगावरून वारं गेलं. चार पायांचा वॉकर पुढे टाकत, एकेक पाऊल जुळवत ते रिक्षापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत यायचे. शेजारून त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई, हात पुढे धरून, पण हात न लावता.

त्या सकाळी वॉकरचा एक पाय माझ्या खड्ड्यात गेला. लादीचा तुकडा सरकला आणि शरदचंद्र कोपरावर आपटले. हाड वाचलं. पण उठवताना ते म्हणाले, “सुहास, आता बास. मला घरी ने.”

त्यानंतर ते आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी सुहासिनीबाई एकट्याच आल्या. श्रद्धा मॅडम दारातच भेटल्या.

“काका कुठेत?”

“खोलीच्या बाहेर यायला तयार नाहीत हो. म्हणतात, एकदा पडलो तेवढं पुरे. चांगले तीस-तीस पावलं टाकायला लागले होते...”

मॅडम त्याच पावली पहिल्या मजल्यावर गेल्या. तिथे परसराम सेठचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. सेठ उल्हासनगरचे सिंधी, सेंटरच्या कमिटीचे अध्यक्ष. खिडकी उघडी होती, त्यामुळे बोलणं मला ऐकू आलं.

“सेठ, मे संपायच्या आत पार्किंग नीट झालं नाही तर मी दवाखाना बदलापूरला हलवते. माझे पेशंट चालायला शिकायला येतात. दारातच पडले तर मी कुठल्या तोंडाने बोलवू?”

“अरे मॅडम, नाराज नको होऊ. गेल्या वर्षीच करणार होतो, पण कुणाचं एकमत होतं का सांगा? एक बोलतो काँक्रीट, दुसरा बोलतो पेव्हर ब्लॉक.” गल्ल्याचा खण धाडकन बंद झाला. “ठीक आहे. आता मी कुणाला विचारतच नाही.”

एप्रिलच्या शेवटी कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. रूपेश नाव, वांगणीचा पोरगा, नुकताच डिप्लोमा झालेला. दोन तास माझ्यावर टेप धरून फिरला आणि सेठना म्हणाला, “उखडायची गरज नाही. याची कातडी गेलीय, हाडं शाबूत आहेत. भेगा भरू, खड्डे भरू आणि जुन्यावरच दीड-दोन इंचाचा गरम डांबराचा थर देऊ. दोन दिवस पार्किंग बंद ठेवा, तिसऱ्या दिवशी गाड्या लावा.”

हाडं शाबूत आहेत! कित्येक वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी रूपेशला ठाऊक नव्हती. दवाखान्यासमोरच्या कोपऱ्यात माझी हाडं भिजलेली होती. आतून, कुठूनतरी, सतत. आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माणसं आली. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची आठ जणं, त्यांत सुकऱ्या आणि त्याची बायको नवसी. सुकऱ्या फावड्याचा आणि दाताळ्याचा पक्का. गरम डांबराचा माल हातासरशी सारखा करावा तर त्यानेच. नवसीकडे साफसफाई. नवा थर जुन्याला चिकटायचा तर जुन्यावर धुळीचा कण राहून चालत नाही. तिने तारेच्या ब्रशने माझे तेलाचे डाग घासले, भेगांतली माती खिळ्याने उकरली. सकाळपासून ती माझ्यावर उकिडवी बसून पुढे पुढे सरकत होती. इतक्या जवळून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

दवाखान्याच्या कोपऱ्यात आली तशी ती थांबली. भेगेत लव्हाळा उगवला होता. तिने तो उपटला, मुळाशी बोट घातलं, आणि बोटाकडे बघत राहिली.

जेवायच्या सुट्टीत ती सुकऱ्याला म्हणाली, “त्या कोपऱ्यात खाली पानी हाय.”

“वैशाखात कुठचा पानी?”

“तेच तर. ओढा आटला, हीर आटली, आन् हितं लव्हाळा हिरवागार. खालची माती थंड लागते. वर डांबर टाकला तरी बसायचा नाय तो.”

सुकऱ्याने भाकरीचा घास तसाच धरला. “गप ऱ्हा. सायबानं इचारलं का तुला? लय दिस काम नव्हता, आता मिळालाय.”

नवसी पुन्हा ब्रश घेऊन बसली. पण दुपारी पहिला डंपर फाटकातून आत आला, मालाची वाफ वर चढली, माल पसरणारं पेव्हर मशीन सुरू झालं, आणि रूपेशने हात करून सांगितलं, “दवाखान्याच्या बाजूने सुरू करा!” तेव्हा ती उठली आणि मशीनच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

“सायब, हितं नका टाकू. खाली पानी हाय.”

रूपेशच्या हातात थर्मामीटर होता. “ओ बाई, बाजूला व्हा. माल एकशे चाळीसवर आहे, थंड झाला तर अख्खा डंपर फुकट जाईल.”

“आदी बघा तरी.”

“मी बघितलंय. वरून कोरडं ठणठणीत आहे. सुकऱ्या, घे रे हिला बाजूला!”

सुकऱ्या दोन पावलं पुढे आला आणि थांबला. बायकोचं तोंड त्याने नीट पाहिलं. मग तो वळला, टेम्पोतून पहार आणली आणि तिच्या हातात दिली.

“काय चाललंय हे?” रूपेश ओरडला. “उद्यापासून येऊ नका दोघं!”

नवसीने पहार उचलली. पहिला घाव मी सोसला. दुसऱ्या घावाला माझी जुनी कातडी फुटली. तिसऱ्या घावाला पहार वीतभर आत रुतली, आणि तिने ती वर ओढताच मागून पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ, बारीक धारेने, उताराकडे वाहत ते थेट रूपेशच्या बुटापर्यंत गेलं.

पेव्हरचं इंजिन तेवढं धडधडत होतं.

आवाज ऐकून श्रद्धा मॅडम बाहेर आल्या. पाणी बघून म्हणाल्या, “अहो, म्हणजे आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते, ती यामुळे?” वरच्या खिडकीतून परसराम सेठनी डोकं काढलं. “टाकीची जुनी पाइपलाइन तिकडूनच जाते! झूलेलालची कसम, चार वर्षं मी नगरपालिकेला बोल लावतोय!”

रूपेशच्या कपाळावर घाम होता. एका बाजूला थंड होत चाललेला माल, दुसऱ्या बाजूला वाहणारं पाणी, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. पोरगा जेमतेम सव्वीसचा. मला वाटलं, आता हा चिडेल. त्याने थर्मामीटर खिशात टाकला.

“मशीन फिरवा,” तो म्हणाला. “फाटकाकडून सुरू करा. हा माल तिकडे संपवू. हा कोपरा आज सोडा. सेठ, प्लंबरला फोन लावा.”

मग तो नवसीजवळ आला. आवाज खाली आला होता. “नवसीताई, हा कोपरा भिजलेला राहिला असता तर पावसाळ्यात सगळं उखडलं असतं, आणि माझं नाव गेलं असतं. आणखी कुठे शंका आहे का? मला दाखवा.”

नवसी पहार घेऊन माझ्या अंगावर फिरली. दर चार पावलांवर एक ठोका, आणि कान देऊन ऐकणं. तिच्या मागे रूपेश, हातात खडू. ठण्ण वाजलं की ती पुढे जाई. बद्द वाजलं की थांबे. गटाराजवळ एकदाच थांबली. तिथे रूपेशने गोल काढला आणि तेवढा भागही खणून भरायला सांगितला. सुकऱ्या लांबून हे बघत होता आणि दाताळं जरा जास्तच जोरात ओढत होता.

संध्याकाळपर्यंत माझा तो कोपरा दोन हात खोल खणला गेला. गंजलेला पाइप हाताने मोडेल इतका कुजला होता. प्लंबरने नवा टाकला, ओली माती काढली, खडी भरून रोलरने दाबली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नळ सोडला तेव्हा पाणी बेसिनच्या बाहेर उडालं आणि श्रद्धा मॅडमचा पांढरा कोट भिजला. त्या हसतच बाहेर आल्या आणि ओल्या कोटानेच नवसीला मिठी मारली. नवसीचे हात डांबराने माखलेले, ती बिचारी हात वर धरून उभी!

तिसऱ्या दिवशी उरलेल्या भागावर माल आला. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. नवा थर येणार म्हणजे मी संपणार, अशी माझी समजूत. आधी काळं चिकट द्रव्य फवारलं गेलं, मग कढत माल पडला. भाजलं, पण ते भाजणं हळूहळू उबेसारखं झालं. सुकऱ्याने कडा सारख्या केल्या, दवाखान्याच्या पायरीशी थर उतरता घेतला, म्हणजे चाकाची खुर्ची थेट वर जाईल. रोलर पुन्हा पुन्हा गेला. आणि माझ्या लक्षात आलं, मी कुठे गेलोच नाही. मी खालीच आहे, आणि हा नवा माझ्याच आधाराने उभा आहे.

मे संपत आला असताना एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी वॉकर उतरला, मग शरदचंद्र. सुहासिनीबाईंनी नेहमीसारखा हात पुढे धरला होता. तीन महिने पलंगावर बसून काढलेले पाय थरथरत होते. पाचव्या पावलाला ते थांबले. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

शरदचंद्रांनी मान वाकवून माझ्याकडे पाहिलं. आधीचं काम आणि नंतरचं काम जिथे जुळलं होतं, त्या रेषेवरून वॉकरचा पाय हळूच पुढे-मागे फिरवला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची कामं तपासलेला माणूस तो.

“सांधा चांगला घेतलाय,” ते म्हणाले. “अडकत नाही कुठे. सुहास, तू पुढे हो. मी येतो.”

“एकटे?”

“हो. आणि मागे वळून बघू नकोस.”

सुहासिनीबाई पुढे गेल्या. पायरीशी पोहोचल्या तरी वळल्या नाहीत. मागून वॉकरची टकटक येत होती, तेवढ्यावर कान लावून उभ्या राहिल्या. टकटक त्यांच्या शेजारी येऊन थांबली, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. श्रद्धा मॅडम बदलापूरला गेल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आज माझी तब्येत ठणठणीत आहे. पांढरे पट्टे पुन्हा आलेत. पायरीजवळच्या दोन जागा आजारी माणसांसाठी रुंद ठेवल्यात. तिथे धडधाकट माणसाने गाडी घातली तर परसराम सेठ वरच्या खिडकीतून सिंधीत असं काही बोलतात की गाडी आपोआप निघते. तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. इंजिनातून तेल ठिबकत असेल तर वेळेवर बघा, आणि भेग बारीक असतानाच भरा. एवढं केलंत तर आणखी पंधरा वर्षं मी कुणाला पडू देणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. परवाच्या रविवारी संध्याकाळी फाटकातून एक जुनी मोटारसायकल आत आली. वॉचमनने हात आडवा केला. “ओ, इकडे कुठे? गिऱ्हाइकांसाठीच आहे पार्किंग.”

“मंग आमी कोन हाव?” मागे बसलेली बाई म्हणाली. “नव्या घराला पडदं घ्यायला आलोय.”

ती नवसी होती. पुढे सुकऱ्या, इस्त्रीच्या शर्टात, आणि दोघांच्या मध्ये नववीतली त्यांची मुलगी रविना. ज्या हातांनी मला पसरलं, ते हात कामाशिवाय माझ्याकडे परत आलेले मी आजवर पाहिले नव्हते. सुकऱ्याने दोन पट्ट्यांच्या मधोमध गाडी लावली. उतरून बघितलं, मागचं चाक थोडं तिरकं वाटलं, म्हणून परत बसून सरळ केलं. पुन्हा लांब जाऊन बघितलं.

“बाबा, चला ना,” रविना म्हणाली. “कोण बघतंय?”

“आपून बघतोय ना,” सुकऱ्या म्हणाला, आणि चावी खिशात टाकून तिघं जिना चढून वर गेले.