एक ठोका म्हणजे हो

ठण, ठण. दोन ठोके. म्हणजे नाही.

"काय नाही? नीट बघा तरी," थोरली म्हणाली आणि तिने मोबाइल बाबांच्या डोळ्यांजवळ नेला. फोटोत पिकअपच्या इंजिनातली दोन दातेरी चाकं होती. एकावरची खूण दुसऱ्यावरच्या खुणेसमोर तंतोतंत यायला हवी, नाहीतर व्हॉल्व्ह उघडणारा नवा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, घालून उपयोग शून्य. तिच्या मते ती आली होती. बाबांनी डाव्या हातातला चमचा उचलला आणि उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या वाडग्यावर पुन्हा दोनदा आपटला.

झटक्याने बाबांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. उरला होता डावा हात आणि स्वभाव. जन्मभर त्यांनी ही पिकअप चालवली, उघडली, जोडली, पण दुसऱ्या कुणाला तिला बोट लावू दिलं नाही. थोरलीला तेवढं लहानपणापासून पाने-पकडी पुसायला शेजारी बसवलं. शाबासकीची वेळ आली की मात्र तोंडात मिठाची गुळणी. "फोरमनबाई, पाना उलटा धरलाय," हेच काय ते कौतुक.

आता गाडी थोरली चालवायची, आणि गाडी बंद म्हणजे चूल बंद. गॅरेजवाल्याने आत न बघताच इंजिन बदला म्हणून सांगितलं होतं. थोरलीने अंगणातच इंजिन उघडलं, जुना शाफ्ट ओढून काढला आणि पुसून बाबांच्या पोटावर ठेवला. त्यांनी एकेका उंचवट्यावरून अंगठा फिरवला. एक उंचवटा झिजून पार सपाट झाला होता. तिथे अंगठा थांबला आणि चमचा एकदा वाजला.

आजचे ते दोन ठोके ऐकून ती चरफडत अंगणात गेली, बॅटरी पेटवून पुन्हा वाकली. म्हातारा बरोबर होता. चाक एका दात्याने चुकलं होतं. तसंच इंजिन फिरवलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं झालं असतं. तिने चाक काढलं, फिरवलं, पुन्हा बसवलं, आणि नवा फोटो घेऊन आत आली. बाबांनी या वेळी फार वेळ घेतला.

ठण.

ती दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिली. तो आला नाही. थोरलीचे हात ग्रीसने माखलेले, त्यामुळे डोळेसुद्धा पुसता येईनात. इतक्या वर्षांत या माणसाने तिला पहिल्यांदा बरोबर म्हटलं होतं.

दुपार कलली तेव्हा सगळं जोडून झालं. सुरू करण्याआधी ती दारात आली. "बाबा, आता वीस मिनिटं रेसवर ठेवायचंय. मधे बंद करायचं नाही, तुमचाच नियम. तोवर वाजवू नका काही, मला ऐकू यायचं नाही. चालेल ना?"

ठण.

नवा शाफ्ट पहिल्यांदा धावायला लागला की थांबवायचा नाही, थांबवला तर तो जन्माचा गेला, असं बाबा म्हणायचे. ती सीटवर बसली. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात पेटलं, धुराचा लोट उठला, आणि तिने पाय दाबून धरला. समोर बॉनेट उघडं होतं. त्याच्यामागे बाबांची खिडकी होती, पण बॉनेटमुळे ती दिसत नव्हती.

मग तिला आवाज आला. बारीक, धातूचा. टक, टक.

टॅपेट! शाफ्टच्या उंचवट्यावर टेकणारा दट्ट्या. नवे टॅपेट तेल भरेपर्यंत वाजतात, हे तिला ठाऊक होतं. पण हा थांबेचना. दोनदा वाजायचा, मधेच अडखळायचा, मग घाईघाईने तीन-चारदा वाजायचा. टॅपेट असा अडखळत वाजत नाही, हेही तिला ठाऊक होतं. पण जीव टांगणीला लागला की ठाऊक असलेलं कामाला येत नाही. बंद करावं का? बाबा काय म्हणाले असते? तिने पाय हलवला नाही.

"गप रे. गप हो आता," ती इंजिनाला म्हणाली.

काही वेळाने तो गप झाला. थोरली एकटीच हसली, स्टिअरिंगवर थाप मारली, आणि वेळ पुरी होईपर्यंत ते एकसुरी घरघरणं सुखाने ऐकत बसली.

"बाबा, ऐकलंत? एक आवाज नाही!" ती ओरडतच आत शिरली. वाडगा जमिनीवर पालथा पडला होता. चमचा अजून बाबांच्या मुठीत होता.

"दुसरा झटका, मोठा होता," डॉक्टर आईला म्हणाले. "क्षणात गेले असतील. त्रास झाला नाही."

क्षणात नाही. हे फक्त थोरलीला माहीत होतं.

"काही आवाजबिवाज दिला का गं त्यांनी?" कामावरून धावत आलेल्या आईने विचारलं.

"इंजिन चालू होतं, आई."

दुसऱ्या दिवशी बाबांना त्यांच्याच पिकअपमधून नेलं. मागे ते आणि चार शेजारी, पुढे आई, आणि गाडी चालवायला थोरली.  चढ लागला तेव्हा आईने डोळे पुसले.

"गाडी छान केलीस गं," ती म्हणाली. "एवढा चढ आहे, पण कसलाच आवाज नाही."

थोरलीने गिअर खाली टाकला आणि कान देऊन ऐकलं. खरंच नव्हता.